दुसऱ्या पायाचा फोटो

ख्राइस्टचर्चमध्ये ओळखीच्या कुठल्याही मराठी घरी जाऊन बारशाचे नाहीतर वाढदिवसाचे फोटो मागा. माणसांच्या पुढ्यात विनाकारण बादली, कुंडी किंवा जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, जोड आलेला दिसला, की तो फोटो आमच्या काकांनी काढलेला, हे मी पैजेवर सांगते. आणि तोच फोटो दोनदा असतो. पहिला काढताना काका डाव्या पायावर भार देऊन उभे असत. मग भार उजव्या पायावर घेत, तेवढ्याने कॅमेरा चार बोटं सरके, आणि दुसरा निघे. मधल्या वेळात कुणी हललं तर त्याची खैर नसे. "हलू नका रे! दुसरा पाय व्हायचाय!" पोरगं केकवर फुंकर मारायला गाल फुगवून उभं, मेणबत्ती वितळून केकवर सांडतेय, आणि काका सावकाश दुसऱ्या पायावर जातायत. पोरांनी त्यांचं नाव 'टू-लेग अंकल' ठेवलं होतं.

काका म्हणजे माझे घरमालक. शिकायला आले तेव्हा हॉर्नबीतल्या त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली, आणि शिक्षण संपून नोकरी लागली तरी तिथेच राहिले. खोली बघायला गेले तो दिवस चांगला आठवतो. पुण्यात मैत्रिणींबरोबर खोल्या शोधत हिंडले होते, त्यामुळे आधी आडनाव, मग मूळ गाव, मग 'नॉनव्हेज खाता का' अशी चौकशी होणार ह्याची तयारी होती. काकांनी दार उघडलं, माझ्या चष्म्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "नंबर किती?"

मी सांगितला.

"दोन्ही डोळ्यांचा सारखाच?"

"साधारण सारखाच."

"मग हरकत नाही. ये आत. आधी बघ, मग चहा."

ह्या प्रश्नाचं मूळ मला पुढे काकूंनी सांगितलं. तरुणपणी काका पुण्यात नोकरीला होते, तेव्हा आडनाव ऐकलं की एकेका घरमालकाला 'खोली कालच गेली' हे आठवायचं. "तेव्हाच ठरवलं ह्यांनी," काकू म्हणाल्या, "आपलं घर झालं की भाडेकरूला नाव-गाव विचारायचं नाही. काहीतरी कामाचं विचारायचं."

आणि डोळे हे त्यांच्या खरंच कामाचे होते. एकोणिसाव्या शतकात जोडचित्रं निघत असत. एकाच देखाव्याचे दोन फोटो, एक डाव्या डोळ्याच्या जागेवरून काढलेला, एक उजव्या डोळ्याच्या, जाड पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले. नुसते पाहिले तर दोन्ही सारखेच वाटतात. लाकडी यंत्राच्या दोन भिंगांतून पाहिलं की दोहोंचं मिळून एक होतं, आणि सपाट कागदात दरी उघडते. त्या काळी दिवाणखान्यात बसून लोक अशी जगभराची सफर करत. काकांकडे असं एक जुनं यंत्र होतं. त्याची मूठ मोडली होती, तिथे काकांनी प्रेशर कुकरची मूठ स्क्रूने बसवली होती. ते हातात धरलं की आता शिट्टी होईल असं मला नेहमी वाटायचं.

काका फक्त रेल्वेची कार्डं जमवत, तीही डोंगरदऱ्यांतल्या रेल्वेची. स्टेशनं, इंजिनांचे कारखाने, झेंडे लावलेले उद्घाटनाचे समारंभ, असलं काही त्यांना चालत नसे. घाट पाहिजे, कडा पाहिजे, नदीवरचा पूल पाहिजे, नाहीतर जंगलातून कोरून काढलेली वाट. इथल्या गॉर्जमधले लाकडी पूल होते, अमेरिकेतल्या कपारी होत्या, आल्प्समधले बोगदे होते. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून, रविवारच्या बाजारांतून, म्हातारी माणसं गेल्यावर त्यांच्या घराचं सामान विकायला काढतात तिथून ही कार्डं ते पैदा करत आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवत. हॉकी पोकीच्या डब्यात माणसांची कार्डं, व्हॅनिलाच्या डब्यात बिनमाणसांची.

हा माणसांचा काय प्रकार, ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजून घ्यावंच लागे, कारण त्याशिवाय चहा मिळत नसे. यंत्र डोळ्याला लावलं की काका परीक्षा घेत. "पुढे काय दिसतं?" "मागे काय?" आणि मग, "माणूस कुठाय?" फोटोवाल्याला दरीची खोली दाखवायची तर पुढे काहीतरी लागे. एखादा ओंडका, एखादा धोंडा, आणि बहुतेक वेळा रेल्वेच्या कामावरचा एखादा मजूर, 'बस तिथे' म्हणून बसवलेला. तो कोण, कुठला, काही लिहिलेलं नसतं. काका आधी त्याला शोधत. "पुढे काहीतरी असल्याशिवाय मागचं खोल दिसत नाही," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही म्हणेन. बादली, कुंडी आणि जँडल्सचा उगम ह्याच वाक्यात आहे.

ते स्वतः रेल्वेत सिग्नल इंजिनियर होते, आधी भारतात, मग इथे, आणि निवृत्तही इथेच झाले. जन्म इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समधला. वडील घाटात गँगमन होते, हातोडा घेऊन रूळ ठोकत चालायचे. शाळेत गुरुजींनी शिकवलं की घाटातली रेल्वे इंग्रजांनी बांधली. काकांनी ते घरी येऊन सांगितलं, तर वडील म्हणाले, "साहेब काय घमेलं घेऊन चढला होता?" काकांचं अभ्यासात तेव्हापासून जे नुकसान झालं ते झालं, असं ते स्वतःच सांगत. इथल्या जुन्या रेल्वेच्या शौकिनांच्या क्लबात त्यांना एकदा कुणीतरी नेलं होतं. तिथले म्हातारे गोरे इंजिनाचं मॉडेल, चाकांची मांडणी ह्यावर हिरिरीने बोलत होते. काकांनी एका फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हू इज दिस फेला?" कुणालाच माहीत नव्हतं. "स्वीट ॲज," म्हणजे 'ठीक आहे', असं म्हणून काका उठून घरी आले.

काकूंना ह्या सगळ्यात गोडी होती असं कधी वाटलं नाही. पाहुणा यंत्राला डोळे लावून बसलेला असताना त्या मटार सोलत, स्वेटर विणत. फार तर "अहो, चहा निवतोय, सोडा आता त्यांना," एवढं बोलत. त्यांचा स्वतःचा छंद निराळा होता. जवळच्या प्रायमरी शाळेत त्या टीचर-एड होत्या, आणि शाळेच्या ऑफिसात लॅमिनेशनचं मशीन होतं. ज्या कागदाला पाणी लागू शकतं तो कागद लॅमिनेट झाला पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. बुद्धवंदना, कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा तो तक्ता, राइस कुकरची माहिती, माझा भाडेकरार, सगळं प्लास्टिकमध्ये. आणि एका बिस्किटाच्या डब्यात घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट फोटो, नीट कापून ठेवलेले. "कुठे लागेल सांगता येत नाही," असं त्या म्हणत.

काकांचे दोन पायांचे फोटो प्रिंट करून पुठ्ठ्यावर चिकटवायचा कारखाना रविवारी डायनिंग टेबलवर चाले. एकदा काकूंचा बागेतला फोटो चिकटवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला. जोडी अशी उलटी लागली की जवळचं लांब जातं आणि लांबचं जवळ येतं. यंत्रातून पाहिलं तर मागचं कुंपण पुढे येऊन उभं, आणि काकू कुंपणातल्या भोकातून पलीकडे पडलेल्या. काका हसून हसून बेजार. काकू म्हणाल्या, "इतक्या वर्षांत कधी पुढे केलं नाहीत, आता भोकात घाला मला." त्या दिवसापासून चिकटवण्याआधी प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने 'डा' आणि 'उ' लिहायची पद्धत त्या घरात पडली.

आता ह्या घरातलं दुखणं सांगते. काकांची एकुलती मुलगी ऑकलंडला, बॉटनी डाउन्समध्ये राहते. ती आणि जावई दोघंही नोकरीत, घर मोठं. मी हॉर्नबीत राहायला येण्याआधी कधीतरी ती आईवडिलांना कायमचं न्यायला आली होती. खाली तुमच्यासाठी स्वतंत्र खोली आहे, बाथरूम आहे, असं सगळं सांगून झालं, आणि मग ती आइस्क्रीमच्या डब्यांकडे बघून म्हणाली, "बाबा, पण हे जंक तिकडे नको हं, प्लीज." काका म्हणाले, "जिथे डबे नाहीत तिथे मी नाही. तुझ्या घराचा उंबरा मी चढणार नाही." न्यूझीलंडच्या घरांना उंबरे नसतात, पण शब्द गेला तो गेला. पुढच्याच वर्षी नात झाली. काकू एकट्या विमानाने गेल्या, बाळंतपण करून आल्या, दरवर्षी जात राहिल्या. काका गेले नाहीत.

ते नातीला फोनवर बघत. दर रविवारी फोन यायचा, नात पडद्यावर उड्या मारायची, मराठी सगळं समजायचं तिला, उत्तरं इंग्रजीत. काका फोन जवळ धरत, लांब धरत, तिरका करत. बोलणं झालं की फोन उपडा ठेवून म्हणत, "सपाट दिसते." एकदा म्हणाले, "हिचं नाक माझ्या आईसारखं आहे म्हणते तुझी काकू. मला नाकच दिसत नाही."  त्यांना जायचं होतं हे माझ्यासारख्या भाडेकरूलाही कळत होतं. मुलगी 'बाबा, या ना' म्हणून थकली होती, आणि काकांना स्वतःचा शब्द गिळता येत नव्हता.

अशातच ते कार्ड सापडलं. रिकार्टनमधल्या एका जुन्या घराच्या सामानाच्या विक्रीला मी त्यांना गाडीने घेऊन गेले होते. काका गॅरेजमधल्या खोक्यांत बराच वेळ वाकून होते. मग येऊन गाडीत बसले आणि म्हणाले, "गाडी चालू करू नको." यंत्र त्यांच्या पिशवीत असायचंच. त्यांनी कार्ड लावून बघितलं, आणि यंत्र माझ्याकडे दिलं.

कमानींचा उंच दगडी पूल, खाली खोल दरी, मागे डोंगरांची रांग. पुढे डाव्या हाताला एका खडकावर गुडघे पोटाशी घेऊन एक माणूस बसलेला, डोक्याला मुंडासं, पायात काही नाही. खाली इंग्रजीत 'घाट, मुंबई इलाखा' एवढंच छापलेलं.

"आमचा घाट," काका म्हणाले.

"कशावरून?"

"मागच्या डोंगराची रेघ बघ. शाळेच्या खिडकीतून हीच रेघ दिसायची. गणिताच्या तासाला मी दुसरं काय बघत होतो?"

मला भरून आलं. मी म्हटलं, "काका, हे तुमचे पणजोबासुद्धा असतील!"

"पणजोबा बिणजोबा काही नाही," ते लगेच म्हणाले. "कुणाचा तरी असेल. फोटोवाला म्हणाला, बस, हलू नको. बसला बिचारा काम टाकून. तेवढ्याचा मुकादमाने खाडा धरला नाही म्हणजे मिळवली."

पण ते कार्ड डब्यात गेलं नाही. टीव्हीशेजारी उभं राहिलं. आल्यागेल्याला दाखवून झालं, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात पिशवीतून नेऊन दाखवून झालं. नुसत्या डोळ्यांनी दोन चित्रांतला फरक ओळखायचा खेळही काकांनी काढला. डाव्या चित्रात त्या माणसाचं मुंडासं पुलाच्या खांबाला टेकतं. उजव्यात टेकत नाही, मधे दोऱ्याएवढी फट राहते. "तेवढ्या फटीत अख्खी दरी आहे," असं ते सांगत. एरवी कार्डाबद्दल कधी न बोलणाऱ्या काकांच्या मुलीने एकदा फोनवर विचारलं, "आई म्हणते इगतपुरीचा फोटो मिळाला?" काका म्हणाले, "हो, मिळाला," आणि फोन काकूंकडे दिला. त्यांना अजून बोलायचं होतं, असं माझं मत.

नात पाच वर्षांची झाली. इथे पाचवा वाढदिवस झाला की मूल शाळेत जातं, म्हणून काकूंनी तिला खाऊचं पार्सल पाठवलं. त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. सुकटीचा रस्सा होता. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "पार्सलमध्ये ते घाटाचं पण घातलं हो एक."

काकांचा घास थांबला. "एक म्हणजे?"

"दोन सारखेच फोटो होते ना त्याच्यावर. कापले मधून. एक लेकीला, एक आपल्याला. दोन्ही घरांत गाव राहील. शाळेत नेऊन लॅमिनेट पण केले, म्हणजे खराब नको व्हायला."

आणि त्यांनी उरलेला अर्धा भाग काकांच्या ताटाशेजारी ठेवला. प्लास्टिकमध्ये चकाकत होता. कडा सरळ दिसाव्यात म्हणून थोड्या छाटल्याही होत्या. दीडशे वर्षांचं कार्ड, आणि माझ्या भाडेकरारासारखं दिसत होतं. 

"काकू! अहो, ते दोन वेगळे असतात!" मी म्हटलं.

"असं का? मला बाई पासपोर्ट फोटोसारखे वाटले."

काकांनी डाव्या हाताने तो तुकडा उचलला. बघितला. उलटा करून बघितला. पुन्हा सुलटा केला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग भात न मागता उठले.

त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा सगळा व्यवहार माझ्यामार्फत होऊ लागला. "भाडेकरू, तुझ्या काकूला सांग, डाळीत मीठ नाही." "भाडेकरू, तुझ्या काकूला विचार, माझा मफलर लॅमिनेट केला काय." काकू मात्र शांत. त्यांना ओशाळल्यासारखं व्हायला हवं होतं, पण त्या नातीचं स्वेटर विणत बसत. मला काकूंचा रागच आला होता. वीस-पंचवीस वर्षं नवरा जे दाखवतोय ते ह्या बाईने एकदाही नीट पाहिलेलं नाही, असं वाटून काकांची कीव येत होती.

मी उपाय सुचवले. मुलीला सांगून तो अर्धा भाग कुरियरने मागवू. "पोस्टात टाकायची वस्तू आहे का ती? दुमडतील," काका म्हणाले. मग तिला म्हणू, फोटो काढून फोनवर पाठव, मी छान प्रिंट काढून आणते, दोन्ही शेजारी ठेवले की झालं.  ते म्हणाले, "तुला मी भाडेकरू म्हणून ठेवली, सल्लागार म्हणून नाही."

थोड्याच दिवसांत मला ऑकलंडला चांगली नोकरी मिळाली. मी काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "एकटी कशी जाणार? सामान आहे." माझ्याकडे दोन बॅगा होत्या. "मी येतो पोचवायला. जाता जाता तो तुकडा घेऊन परत येतो. थांबणार नाही." मग पहिल्यांदाच थेट काकूंकडे बघून म्हणाले, "कुणाला यायचं असेल तर यावं." काकूंची बॅग विलक्षण लवकर भरून झाली.

विमान काकांना मंजूर नव्हतं. "विमानातून पुढे काहीच नसतं, नुसतं मागे असतं." त्यामुळे ट्रेन, मग फेरी, मग पुन्हा ट्रेन, असा प्रवास झाला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि काका उघड्या डब्यात वाऱ्यात उभे राहून फोटो काढतायत. चालत्या गाडीतून पाय बदलावा लागत नाही, गाडीच कॅमेरा सरकवते, हा शोध त्यांनी मला तिथे सांगितला. डोंगरांतल्या एका उंच पुलावरून गाडी सावकाश जात होती, तेव्हा कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "ती चॉकलेट खाते का गं? की दातांना बरं नाही म्हणून देत नाहीत?" थोड्या वेळाने म्हणाले, "उंची केवढी असेल?" मी हाताने दाखवली. त्यांनी तेवढ्या उंचीवर स्वतःचा हात धरून बघितला.

मुलगी स्टेशनवर गाडी घेऊन आली होती. बॉटनी डाउन्सला पोचलो. काकू आत गेल्या, मी बॅगा घेऊन दारापर्यंत गेले, आणि मागे वळून बघते तर काका ड्राइव्हवेवर उभे. दाराकडे बघत होते. दाराला खाली ॲल्युमिनियमची पट्टी होती, दोन बोटं उंच. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. 'या ना बाबा' असं ती म्हणाली नाही. ती आत गेली आणि तिने बटण दाबलं. गॅरेजचं दार घरघरत वर गेलं.

गॅरेजला उंबरा नसतो. काका उभ्या गाडीच्या आणि बिनांच्या मधून आत शिरले.

नात तिथे शाळेची गोल टोपी घालून उभी होती. शाळेत शिकवल्याप्रमाणे माओरीत नमस्कार करत म्हणाली, "किया ओरा, आबा."

"किया ओरा, किया ओरा," काका म्हणाले.  मग मी बघितलं, ते डाव्या पायावर गेले, तिच्याकडे बघितलं. उजव्या पायावर गेले, पुन्हा बघितलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "सपाट नाही."  मुलगी बॅगा आवरायला म्हणून आत गेली, पण बॅगा तर मी आधीच आत नेल्या होत्या.

मुलीने घरात भिंतीवर लावलेला अर्धा भाग उतरवला. दोन्ही तुकडे यंत्रात बसवणं सोपं नव्हतं. लॅमिनेशनच्या कडांमुळे ते मावेनात, म्हणून कपड्यांचे चिमटे लावले. दिव्याखाली प्लास्टिक चमकायचं, म्हणून खिडकीशी जाऊन कोन शोधावा लागला. काकांनी बघितलं, एक तुकडा सुताएवढा सरकवला, पुन्हा बघितलं. मग त्यांनी यंत्र नातीच्या डोळ्यांना लावलं.

"पुढे काय दिसतं?"

"सम मॅन. ही इज ऑन अ रॉक."

"मागे?"

"हीप्स ऑफ हिल्स!"

"माणूस काय करतोय?"

तिने यंत्र डोळ्यांशी आणखी जवळ ओढलं. "वेटिंग, आबा. फॉर द फोटो टू फिनिश."

आमच्यापैकी हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. काकांनी चष्मा काढून पुसला, आणि ते तुकडा घेऊन परत जायचं म्हणाले नाहीत. आठवड्याचा महिना झाला. गॅरेजमध्ये मुलीने स्वतः फळ्या ठोकून घेतल्या, हॉर्नबीचं घर भाड्याने गेलं, आणि आइस्क्रीमचे डबे सामानाबरोबर ट्रकने आले. अबोला कधी संपला ते मला कळलं नाही.

मी आता ऑकलंडमध्येच, सँडरिंगहॅमला राहते. अधूनमधून मिठाई घेऊन त्यांच्याकडे जाते. गेल्या रविवारी गेले तर काकू स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. काका गॅरेजमध्ये त्यांच्या टेबलाशी होते. आत जाऊन बसले तशी मला जुनी गोष्ट आठवली. मी म्हटलं, "काकूंनी कार्ड कापलं ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. बिचाऱ्यांना माहीत नव्हतं."

 काकांनी खणातून ते दोन तुकडे काढले आणि माझ्यापुढे उपडे ठेवले. प्लास्टिकखाली, पुठ्ठ्याच्या पाठीवर, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. एकावर 'डा'. दुसऱ्यावर 'उ'.

मला समजायला थोडा वेळ लागला. पासपोर्ट फोटोच्या पाठीवर कुणी डावा-उजवा लिहीत नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"घरात चिकटवाचिकटवीचं काम कोण करतं? माझी बोटं थरथरतात. अक्षर ओळखत नाहीस तुझ्या काकूचं? तुझ्या भाडेपावत्या कोण लिहायचं?"

"कधी बघितलंत तुम्ही हे?"

"जेवताना. त्याच दिवशी."

"मग इतके दिवस अबोला?"

"मग काय करू? लगेच बॅग भरली असती तर तुझी काकू म्हणाली असती, वाटच बघत होता म्हातारा. आपलं कार्ड कापलं तिने. गावाकडचं एकुलतं कार्ड. एवढं कापल्यावर मला निदान रागवायला तरी पाहिजे की नाही?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. "काकूंना सांगितलंत का कधी?"

"खुळी आहेस का?"

तेवढ्यात काकू ट्रे घेऊन आल्या. काकांनी झटकन दोन्ही तुकडे सुलटे केले. घाईत त्यांची अदलाबदल झाली, उजवा डावीकडे पडला.

"काय दाखवताय तिला?"

"तुझा पराक्रम. दीडशे वर्षांचं कार्ड कापून ठेवलंस."

"झालं असेल हो माझ्या हातून," काकू म्हणाल्या. "मला मेलीला काय कळतं त्यातलं."

ट्रेला जागा करायला त्यांनी ते दोन तुकडे उचलले, बाजूला ठेवले, आणि ठेवता ठेवता डावा डावीकडे केला, उजवा उजवीकडे. मग कप भरायला लागल्या.

काका माझ्याकडे बघत होते. मी बिस्कीट चहात बुडवलं.